आपाचे गाल

इहराम बांधलेल्या बाईनं चेहऱ्यावर नकाब बांधायचा नाही, हा नियम मला लहानपणापासून माहीत आहे. मक्तबमध्ये उस्तादांनी शिकवलेला. पण या एका नियमापायी माझी सख्खी बहीण माझ्यासमोर बसून रडेल, असं कधी वाटलं नव्हतं.

2024 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या मोहल्ल्यातल्या पंचवीस-तीस जणांनी रमजानच्या आधी उमऱ्याला जायचं ठरवलं. भाच्यानं स्वतःचं आणि आईचं नाव दिलं. तो पुण्यात नोकरीला आहे, दोन वर्षं त्यासाठी पैसे बाजूला टाकत होता. आपानं बातमी ऐकली आणि आधी दोन रकात शुक्राची नमाज पढली. दुसऱ्या दिवशी मगरिबनंतर ती माझ्या घरी आली, नकाब सोडला आणि म्हणाली, "बाबू, वहाँ मुँह खुल्ला रखना पडता ना?"

आमच्या घरात दखनी बोलतात. यापुढचं तिचं बोलणं मी मराठीतच लिहितो.

"मोहल्ल्यातल्या बायका असतील. दोन आठवडे एका खोलीत, एका बसमध्ये. माझं तोंड सगळ्या बघतील."

मी शिक्षक माणूस. समोरचा प्रश्न सोडवण्याआधी उत्तर देण्याची सवय. म्हणालो, "काही बायका पुढं छज्जा असलेली टोपी घालतात. तिच्यावरून कापड सोडतात, म्हणजे ते चेहऱ्याला लागत नाही. तेही चालतं म्हणतात."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "अल्लाहच्या घरीसुद्धा लपूनच जायचं का?"

आपाच्या गालांची गोष्ट सांगायची तर मला मागं जावं लागेल. हा लेख लिहून झाल्यावर मी तिला वाचून दाखवला. तिनं दोन ठिकाणचा मजकूर काढायला लावला आणि नाव घालू नकोस म्हणाली. म्हणून ती इथं फक्त आपा आहे. गाव सांगली जिल्ह्यातलं आहे, एवढं पुरे.

दूल्हाभाई ट्रकवर होते. सांगलीच्या बाजारातली हळद भरायची, मुंबईला उतरवायची, येताना मिळेल तो माल आणायचा. 2003 मध्ये ते गेले. शेवटचे आठ महिने ताप, जुलाब, तोंडात छाले. डॉक्टरांनी अब्बांना बाजूला घेऊन जे सांगितलं, ते अब्बांनी मरेपर्यंत तोंडातून काढलं नाही. मोहल्ल्याला टीबी सांगितला. आपाची तपासणी झाली, तीही पॉझिटिव्ह निघाली. तिचं वय तेव्हा एकोणतीस, मुलगा सहा वर्षांचा. त्याचा रिपोर्ट निगेटिव्ह आला, त्या दिवशी अम्मीनं फकिरांना जेवू घातलं. कारण कुणालाच सांगितलं नाही.

सरकारनं एआरटीच्या, म्हणजे एचआयव्हीच्या विषाणूला आवर घालणाऱ्या गोळ्या फुकट द्यायला सुरुवात केली ती 1 एप्रिल 2004 पासून. ज्या सहा राज्यांत साथीचा जोर जास्त होता तिथं पहिल्यांदा, आणि महाराष्ट्र त्यात होता. आपाच्या गोळ्या 2006 मध्ये सुरू झाल्या. तेव्हा रक्तातल्या सीडी-4 पेशी दोनशेच्या खाली गेल्या की गोळ्या सुरू करत. आपाच्या 140 होत्या. सहा महिन्यांत ती उठून बसली. वर्षभरात शिलाईचं मशीन पुन्हा चालू केलं. आम्ही सगळे अल्लाहचे आणि त्या गोळ्यांचे आभार मानत होतो, आणि आजही मानतो.

त्या गोळीत तीन औषधं होती. त्यांतलं एक स्टॅव्ह्यूडीन. स्वस्त होतं, परिणामकारक होतं, आणि गरीब देशांतली असंख्य माणसं त्याच्यावर जगली. पण त्याची एक खोड होती. पेशीला ऊर्जा पुरवणारे मायटोकाँड्रिया नावाचे जे बारीक घटक असतात, त्यांच्या कामात ते अडथळा आणायचं. त्याचा फटका कातडीखालच्या चरबीला बसायचा. हातापायांवरची चरबी झडायची, शिरा दोरीसारख्या वर यायच्या, आणि सगळ्यात आधी नजरेत भरायचे ते गाल. आजारानं माणूस वाळतो तेव्हा सगळंच अंग वाळतं. हे तसं नव्हतं. आपाचं वजन वाढलं होतं, पोट सुटलं होतं, चालणं-बोलणं ठणठणीत होतं, आणि गालांच्या जागी दोन खळगे होते. गालाची हाडं टोकदार वर आलेली, खाली कातडी आत ओढलेली. कानशिलंही बसलेली.

2009 च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की या औषधाचे दूरगामी दुष्परिणाम भरून न येणारे आहेत, देशांनी ते टप्प्याटप्प्यानं बंद करावं. आपाची गोळी 2013 मध्ये बदलली. नवी गोळी दिवसातून एक, त्रास काही नाही. काउन्सेलर बाईंनी सांगितलं होतं की चरबी हळूहळू थोडी परत येईल. हातांवर थोडी आली. गालांवर आली नाही.

आता यातलं खरं दुखणं सांगतो. गोळ्यांमुळे विषाणू रक्तात सापडेनासा झाला होता. आपा धडधाकट होती. आजाराची खबर घरातल्या चौघांखेरीज कुणाला नव्हती. पण आमच्या भागात तोवर लोकांना ते गाल ओळखता येऊ लागले होते. घरोघरी कुणी ना कुणी बघितलेलं. भाजीच्या गाडीवर, बसमध्ये, लग्नात एखादी बाई क्षणभर जास्त बघायची आणि मग मुलाला जवळ ओढून घ्यायची. दवाखान्याच्या फायलीवर जी गोष्ट कुलपात ठेवलेली, ती चेहऱ्यावर उघडी लिहिलेली.

2008 च्या सुमारास आपानं नकाब घ्यायला सुरुवात केली. आमच्या घरात अम्मी आयुष्यभर नऊवारीच्या पदरानं डोकं झाकून वावरली. आपाही साडीच नेसायची. त्यामुळे आपाचा नकाब हा मोहल्ल्यात चर्चेचा विषय झाला. बायका माशाअल्लाह म्हणाल्या. कुणी म्हणालं, नवरा गेल्यावर बाईचं मन दीनकडे वळलं. जुम्याच्या बयानात एकदा नाव न घेता तिचं उदाहरणही दिलं गेलं. आपानं ते सगळं ऐकून घेतलं. "लोक मला नेक म्हणायचे," ती मला म्हणाली, "आणि मला वाटायचं, मी अल्लाहच्या नावावर खोटं बोलतेय."

मी घरातला शिकलेला. मला हे कळायला सोळा वर्षं लागली. खरं सांगायचं तर कळत होतं, पण सोयीचं होतं. नकाब आला आणि मला हायसं वाटलं. प्रश्न दिसेनासा झाला म्हणजे मिटला, असं मी धरून चाललो.

2023 मध्ये माझ्या मुलीची मंगनी झाली. मुलाकडच्या बायका आतल्या खोलीत बसणार, तिथं कुणीच नकाब ठेवणार नाही, हे माझ्या ध्यानात आलं. आदल्या रात्री मी बायकोला म्हणालो, "आपाला जरा स्वयंपाकघराकडंच बघू दे." बायकोनं तिला काही सांगितलं नाही. सांगायची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी आपा सकाळी सहाला आली आणि संध्याकाळपर्यंत बिर्याणीच्या डेगजवळून हलली नाही. मुलीच्या फुफीनं मुलीला मिठाई भरवायची असते. ती माझ्या धाकट्या बहिणीनं भरवली.

आणि अजून एक कबुली. त्याच्या आदल्या वर्षी मी एक लेख लिहिला होता. कॉलेजच्या मुली ओठ फुगवून घेतात, नाक चाफेकळी करून घेतात, मोबाईलमधल्या चेहऱ्यासारखा चेहरा मागतात, त्यावर. सूरह निसामधला तो संदर्भ दिला होता, ज्यात सैतान म्हणतो की मी माणसांना अल्लाहच्या निर्मितीत फेरफार करायला लावीन. लेख बऱ्याच जणांना आवडला. मलाही आवडला होता.

उमऱ्याची गोष्ट निघाली तेव्हा भाचा पुण्याहून आला होता. तो म्हणाला, "मामू, मी 2022 मध्येच अम्मीला म्हणालो होतो, गालांवर उपचार आहेत, फिलर म्हणतात, चल दाखवू. ती तयार झाली होती. मग तुमचा तो लेख आला. मीच मूर्खासारखा तिला वाचून दाखवला. त्यानंतर तिनं विषय काढला नाही."

मी काय बोलणार? त्या लेखात एक वाक्यसुद्धा चुकीचं नव्हतं असं मला आजही वाटतं. फक्त तो लिहिताना मला माझी बहीण आठवली नव्हती.

मग मी वाचायला बसलो. आधी वाचायला हवं होतं ते. हदीसमध्ये दातांत फटी पाडून घेणाऱ्या बायकांविषयी कडक शब्द आहेत, पण तिथंच 'सौंदर्यासाठी' असा शब्द आहे. आणि दुसरीकडे अरफजा इब्न असअद यांचा किस्सा आहे, अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांतला. कुलाबच्या लढाईत त्यांचं नाक कापलं गेलं. त्यांनी चांदीचं नाक बसवलं. त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना सोन्याचं नाक बसवायला सांगितलं. पुरुषाला सोनं वर्ज्य, तरीही. नाकावाचून माणूस जगला असताच. पण लोकांत बसायला नाक लागतं, हे तिथं समजून घेतलं गेलं. आपल्या काळात, 2007 मध्ये, मलेशियात पुत्रजाया इथं भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या बैठकीतही हाच फरक केला गेला: जन्मजात किंवा आजारानं, अपघातानं आलेलं व्यंग दुरुस्त करणं वेगळं, आणि धडधाकट चेहऱ्याला हौसेनं नवा आकार देणं वेगळं.

आमच्या ओळखीच्या एका मौलानांना मी नाव न सांगता विचारलं. त्यांनी उलट एकच प्रश्न केला, "पहिल्यासारखं करायचं आहे, की पहिल्यापेक्षा चांगलं?" मी म्हणालो, "पहिल्यासारखं झालं तरी खूप." ते म्हणाले, "मग मला कशाला विचारता? डॉक्टरांना विचारा."

डॉक्टरांकडेही सरळ रस्ता नव्हता. पहिल्या क्लिनिकमध्ये काचेचं दार, कॉफी, गुळगुळीत माहितीपत्रक. आजारांची माहिती विचारणारा फॉर्म भरताना आपानं खरं लिहिलं. दहा मिनिटांनी बाहेर येऊन सांगितलं गेलं की असे पेशंट आम्ही दिवसाच्या शेवटी घेतो, आणि साहित्य वेगळं वापरावं लागतं म्हणून खर्च दुप्पट होईल. भाचा चिडला. एचआयव्हीबाधितांशी भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा 2017 मध्ये झाला, 10 सप्टेंबर 2018 पासून तो लागू आहे, उपचारात भेदभाव त्यात स्पष्ट मना आहे. हे त्यानं काउंटरवर मोठ्यानं सांगायला सुरुवात केली. आपानं त्याचा हात धरून त्याला बाहेर नेलं. कायदा तिच्या बाजूनं होता, पण तिथं बसलेल्या दहा माणसांसमोर तो कायदा वाचून दाखवणं तिला परवडणारं नव्हतं.

दुसऱ्या डॉक्टर पुण्यातल्याच. चाळिशीतल्या बाई. त्यांनी फॉर्म वाचला, नकाब काढलेल्या चेहऱ्याकडे बघितलं आणि पहिलं वाक्य बोलल्या, "स्टॅव्ह्यूडीन ना? किती वर्षं घेतलंत?" आपा नंतर म्हणाली, की तिथंच तिचं अर्धं काम झालं होतं. सोळा वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिचे गाल बघून आजार ओळखला नव्हता, औषध ओळखलं होतं.

त्यांनी तीन रस्ते समजावून सांगितले. पहिला, स्वतःच्याच पोटाची किंवा मांडीची चरबी काढून गालात भरणं. पण अशा रुग्णांच्या कातडीखाली काढण्यासारखी चरबीच पुरेशी नसते. दुसरा, हायलुरॉनिक आम्लाचं जेल. हा पदार्थ आपल्या शरीरात असतोच, पाणी धरून ठेवतो. 1934 मध्ये तो पहिल्यांदा गाईच्या डोळ्यातून वेगळा केला गेला; पुढं कोंबड्याच्या तुऱ्यातून काढत, आता बहुतेक जिवाणूंच्या मदतीनं तयार करतात. हे जेल भरल्याबरोबर गाल दिसतो आणि काही बिघडलं तर दुसऱ्या एका इंजेक्शननं ते विरघळवता येतं. पण आपासारख्या खोल खळग्यांना ते खूप लागतं, आणि वर्ष-दीड वर्षात ओसरतं. तिसरा रस्ता पॉलि-एल-लॅक्टिक आम्लाचा. शस्त्रक्रियेत वापरतात त्या आपोआप विरघळणाऱ्या टाक्यांच्या दोऱ्याच्या जातीचा हा पदार्थ. पाण्यात कालवून कातडीखाली सोडतात. तो स्वतः जागा भरत नाही. तो शरीराला चिथावतो, आणि शरीर तिथं आपलं कोलॅजन तयार करतं. त्याला महिने लागतात, पण टिकतं दोन वर्षं, कधी जास्त. अमेरिकेत 2004 मध्ये त्याला मान्यता मिळाली ती वय झालेल्या नट्यांसाठी नाही. एचआयव्हीच्या रुग्णांचे गाल भरण्यासाठीच मिळाली होती.

हे ऐकून मी थक्क झालो. ज्या गोष्टीला मी श्रीमंतांचे चोचले म्हणून झोडपलं होतं, तिच्या एका प्रकाराची सुरुवात माझ्या बहिणीसारख्यांपासून झाली होती.

मी विचारलं, "यात जनावराचं काही?" डॉक्टर हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाही. प्रयोगशाळेत बनवलेला पदार्थ आहे. पूर्वी गाईच्या कातडीपासूनचं कोलॅजन वापरत, त्यामुळे हा प्रश्न मला जैन पेशंटही विचारतात." मग धोकेही सांगितले. सूज, काळेनिळे डाग, कातडीखाली गाठी. आणि क्वचित, पण गंभीर: पदार्थ चुकून रक्तवाहिनीत गेला तर कातडी मरू शकते, दृष्टीसुद्धा जाऊ शकते. म्हणून चेहऱ्यातल्या रक्तवाहिन्यांची जाण असलेल्या डॉक्टरकडूनच करायचं, पार्लरमध्ये नाही. शिवाय हा पदार्थ जेलसारखा विरघळवता येत नाही. आपानं सगळं ऐकलं आणि विचारलं, "उमऱ्याच्या आधी होईल?"

तीन बैठका ठरल्या, दीड-दीड महिन्याच्या अंतरानं. जुलैमध्ये पहिली. तिला ताठ बसवून पांढऱ्या पेन्सिलीनं गालांवर खुणा केल्या. झोपवलं की खळग्यांचा आकार बदलतो म्हणून. भूल देणारं औषध त्या पाण्यातच मिसळलेलं. बोथट टोकाची लांब सुई. भाचा आत बसला, मी बाहेर. अर्ध्या तासात ती बाहेर आली तेव्हा मी उभा राहिलो. माझ्यासमोर माझी 2005 मधली बहीण होती. गाल थोडे सुजलेले, लाल, पण गाल होते.

डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की हे खोटं आहे. आज दिसतंय ते नुसतं पाणी आहे, तीन-चार दिवसांत शरीर ते शोषून घेईल आणि चेहरा पुन्हा पहिल्यासारखा दिसेल. खरं काम त्यानंतर आत सुरू होईल. आम्हा तिघांनाही हे पाठ होतं. तरीही चौथ्या दिवशी सकाळी आपाचा फोन आला. "गेले," एवढंच म्हणाली. मी समजावत राहिलो. ती म्हणाली, "मला माहितेय रे. डोक्याला माहितेय."

घरी एकच काम दिलं होतं. गालांना मालिश. दिवसातून पाच वेळा, पाच-पाच मिनिटं, पाच दिवस. गाठी होऊ नयेत म्हणून सगळीकडेच हे असं सांगतात. आपानं विचारलं, पाच वेळा म्हणजे कधी कधी? डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही नमाज पढता ना? मग तुम्हाला घड्याळ लागणार नाही." फजरपासून इशापर्यंत, सलाम फिरवला की मुसल्ल्यावरच बसून आपा गालांना मालिश करायची. माझ्या बायकोनं ते एकदा बघितलं आणि तिला वाटलं, कुठला तरी वजीफा आहे.

सप्टेंबरअखेर मला फरक वाटायला लागला. ऑक्टोबरमध्ये तिसरी बैठक झाली. नव्या वर्षात तर बघणाऱ्याला कळावं इतका. गाल पूर्वीसारखे गुबगुबीत झाले नाहीत. पन्नाशीच्या बाईचे असतात तसे झाले. खळगे उथळ झाले, हाडांची टोकं झाकली, कानशिलं तेवढी जरा बसलेलीच राहिली. सगळा मिळून खर्च सव्वा लाखाच्या आसपास आला. भाच्यानं मोटारसायकल घ्यायची पुढं ढकलली. मीही थोडे दिले. मंगनीच्या मिठाईचे समजून दिले, पण तसं बोललो नाही.

2025 च्या फेब्रुवारीत ती उमऱ्याला गेली. तिथलं तिनं मला जे सांगितलं त्यातलं मी एवढंच लिहितो. पहिल्या दिवशी तवाफ करताना तिचा हात आपोआप पुन्हा पुन्हा चेहऱ्याकडे जात होता, नकाब सरळ करायला. तिथं नकाब नव्हता. सोळा वर्षांची सवय. हॉटेलच्या खोलीत मोहल्ल्यातल्या तीन बायका. त्यांतल्या सगळ्यात वयस्कर खालाजाननं दुसऱ्या रात्री तिच्याकडे निरखून बघितलं. आपाच्या पोटात गोळा आला. खालाजान म्हणाली, "तू हुबेहूब तुझ्या अम्मीसारखी दिसायला लागलीस गं."

अम्मीला जाऊन नऊ वर्षं झाली. शेवटच्या काळात तीही आपाच्या गालांवरून हात फिरवत बसायची.

परत आल्यावर आपानं नकाब सोडला का, असं मला काही मित्रांनी विचारलं. उत्तर त्यांना हवं तसं नाही. काही दिवस ती पदर घेते, काही दिवस नकाब. मशिनीवर बसते तेव्हा तोंड उघडं असतं. मी कारण विचारलं नाही. ती आपणहून म्हणाली, "आता मन असेल तेव्हा बांधते."

इथंच थांबलो असतो तर गोष्ट गोड झाली असती. पण आपानंच मला एक गोष्ट लिहायला सांगितली आहे.

उमऱ्याहून आल्यावर ती नेहमीप्रमाणे गोळ्या आणायला सरकारी दवाखान्यात गेली. तिथल्या रांगेत तिच्याबरोबर सुरू झालेल्या काही बाया अजून आहेत, सगळ्या जातिधर्मांच्या. एकीनं तिच्याकडे बघितलं आणि काही न बोलता आपला हात स्वतःच्या गालावर ठेवला. मग हळूच विचारलं, "किती लागतात?" ती शेतमजुरीला जाते. आपाला आकडा सांगवेना. "मुलानं केलं, मला ठाऊक नाही," असं ती खोटं बोलली, आणि घरी येऊन माझ्याकडे बसली.

गोळ्या सरकारनं फुकट दिल्या, त्यानंच ही माणसं जगली. पण त्याच गोळीनं जे नेलं, ते भरून देणं हे आपल्याकडे 'सौंदर्य' या खात्यात पडतं आणि ज्याचं त्यानं करायचं असतं. अमेरिकेच्या सरकारी विमा योजनेनं 2010 मध्ये मान्य केलं की अशा गालांमुळे रुग्ण खचत असेल तर ती इंजेक्शनं उपचारात धरायची. आपल्याकडे अशी मागणी करायची तर कुणी करायची? जिला करायची आहे तिला आधी चेहरा दाखवावा लागेल.

आपाचं भरलेलं दोन-अडीच वर्षांत ओसरू लागेल. डॉक्टरांनी तसं सांगून ठेवलंय. तेव्हा पुन्हा करायचं की नाही, हे तिनं अजून ठरवलेलं नाही. "उमरा झाला," ती म्हणते. भाचा म्हणतो, करायचं. मी या वेळी मत दिलेलं नाही.

पुढच्या महिन्यात माझ्या मुलीचा निकाह आहे. रुखसतीच्या वेळी तिच्या डोक्यावर कुराण धरून तिला दारापर्यंत कुणी न्यायचं, हे मुलीनं मला न विचारता ठरवलंय. आपा स्वयंपाकघरात नसेल. आचाऱ्याला मी आगाऊ रक्कम देऊन आलोय.